रामटेके सिस्टरांचा खालचा मजला

देवरीच्या बसस्टँडवर रामटेके सिस्टरांसोबत एसटीची वाट पाहत उभं राहिलं की करमणुकीला दुसरं काही लागत नसे. समोरून एखादा पोट सुटलेला, गळ्यात साखळी घातलेला ठेकेदार यायचा, वाकून नमस्कार करायचा, "ओळखलं का जी सिस्टर?" म्हणून विचारायचा. सिस्टर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि त्याला उत्तर न देता माझ्याकडे वळून सांगत, "हा पायाळू. याच्या मायले यानं लई तरास देल्ला." ठेकेदार खाली मान घालून निघून जाई. ठाण्यातल्या एका हवालदाराबद्दल तर त्या त्याच्या साहेबासमोर म्हणाल्या होत्या, "हा सातव्या महिन्यात आला. तवाही घाई होती, आताही घाईच हाये."

चिचगडच्या बाजूला जंगलातल्या गावांमध्ये त्यांची सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. त्या भागातल्या माणसांची नावं त्यांना आठवत नसत, जन्म आठवत. कोण उलटा आला, कोण गळ्यात नाळ गुंडाळून आला, कोण बैलगाडीतच झाला. माणूस पुढे आमदाराच्या मागे फिरू दे की तुरुंगात जाऊन येऊ दे, सिस्टरांच्या लेखी तो तेवढाच. नवरा लवकर गेला होता. एकुलती मुलगी सुनंदा लग्न होऊन नागपूरला होती. पांढरं सुती लुगडं, छातीवर पिनेनं अडकवलेलं नर्सचं घड्याळ, आणि जवळ गेलं की डेटॉलचा वास. निवृत्तीनंतरही तो वास गेला नाही, कारण त्या डेटॉल सोडत नव्हत्या.

मी त्यांच्या घरासमोर राहायला आले ती इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून. माहेर माझं कामठ्याचं. आमच्या घरात भांडण कधी उद्यावर टाकत नाहीत, त्यामुळे सिस्टर जे सोसत होत्या ते बघून माझाच जीव वरखाली होई. त्या मला "मास्तरीन" म्हणत.

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी हे घर बांधलं, हायवेपासून दोन गल्ल्या आत, एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सुमारास. वर एक खोली, छोटा मोरी-संडास आणि गच्ची, खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. वर जाणारा जिना बाहेरून, अरुंद आणि उभा. मी विचारलं, एवढा खालचा ऐसपैस मजला सोडून तुम्ही वर कशाला राहता? तर म्हणाल्या, "वर हवा येते, तिकडचा पहाड दिसते. एकट्या बाईले वरच बरं. खालचं माह्या म्हातारपनासाठी हाये."

ते त्या सहज बोलल्या नव्हत्या. खालचा मजला त्यांनी खरोखर म्हातारपणासाठी बांधला होता. बांधकाम चालू असताना मिस्त्री रोज वैतागून घरी जायचा. सिस्टरांनी खालच्या एकाही दाराला उंबरठा ठेवू दिला नाही. मिस्त्री म्हणाला, "बाई, बिनउंबऱ्याचं घर असते का कुठी?" सिस्टर म्हणाल्या, "उंबऱ्याले अडकून कंबर मोडलेल्या बुढ्या मी पाह्यल्या. तू नाई पाह्यल्या." देवरीत तेव्हा फारसा कोणाकडे नव्हता असा बसायचा कमोड त्यांनी गोंदियाहून आणवला. लोक बघायला यायचे. आणि पुढच्या खोलीच्या दारापासून बाथरूमपर्यंत, भिंतीला लागून, कमरेच्याही जरा खाली, लोखंडी पाइपाची लांब दांडी बसवून घेतली. मिस्त्रीनं विचारलं, इतकी खाली कशाला? सिस्टर म्हणाल्या, "म्हातारं मानूस वाकते रे. वाकलेल्याच्या हाताले लागली पाह्यजे." स्वतः कमरेत वाकून त्यांनी त्याला माप दिलं. तेव्हा त्यांची पाठ ताठ होती, आणि वाकून चालण्याची नक्कल करताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

तोपर्यंत खालचा मजला रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून भाड्यानं द्यायचं ठरलं. हेमराज आला तो असा.

हेमराज चिचगडकडचा. तेंदूपत्त्याच्या हंगामात मुनीमगिरी, बाकीच्या दिवसांत हिरडा, मोह, चारोळी, जे हाती लागेल त्याचा धंदा. गोड बोलणारा माणूस. पायरीवरच चप्पल काढून वर आला, सिस्टरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "सिस्टर, मी तुमच्या हातावरचा पोरगा."

सिस्टरांना आठवलंच. हा निळा पडून आला होता. रडला नाही, हलला नाही. बाहेर बापानं रडायला सुरुवातही केली होती. सिस्टरांनी त्याच्या तोंडात स्वतःचा श्वास फुंकला, पाठ चोळली, पुन्हा फुंकला, आणि खूप वेळानं पोर मांजरासारखं एकदा कण्हलं. "माह्या श्वासावर जगला हा," त्या मला सांगत, आणि सांगताना चेहऱ्यावर जे यायचं ते आईच्या चेहऱ्यावर येतं तसंच असायचं. त्याला खालचा मजला दिला. कागद नाही, पावती नाही, साक्षीदार नाही. मी म्हटलं, "सिस्टर, करार तरी करून घ्या." त्या मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "मास्तरीन, नाळ मी कापली त्याची. आता कागद कायले मागू?"

पहिली काही वर्षं सगळं नीट चाललं. पोटाची टेकडी झालेली त्याची म्हातारी आई, बायको, मुलं, सगळे खाली. हेमराज एक तारखेला भाडं घेऊन स्वतः वर यायचा. मग एक तारखेचं दहा तारखेला होऊ लागलं, मग पुढच्या महिन्यात, मग बंद. धंदा बसला म्हणाला. पण दारात मोटरसायकल नवीन आली होती.

सिस्टर तगादा लावायला जायच्या तो प्रसंग मी माझ्या ओट्यावरून अनेकदा पाहिला आहे. आधी वरून मला सांगत, "आज बोलाले चालली बरं." मग लुगडं झटकून, काखेत पर्स धरून, चेहरा कडक करून एकेक पायरी उतरत. नोकरीत असताना याच चेहऱ्यानं त्यांनी दारू पिऊन आलेल्या सरपंचाला विहिरीवरून पाणी भरायला लावलं होतं, बाळंतिणीसाठी. तासाभरानं परत यायच्या तेव्हा हातात मोहफुलांची पुडी असायची.

"बोललात?"

"त्याच्या मायचं बीपी वाढलं हाये. मीठ बंद कराले सांगतलं."

"आणि भाडं?"

"बुढीनं हात धरून ठेवला ना. तिच्यासमोर तिच्या पोराले कसं बोलाचं?"

एकदा मात्र त्या परत आल्या त्या खरोखर हादरून. बाथरूम वापरायचं म्हणून आत गेल्या होत्या, तर कमोडच्या खोलीत छपरापर्यंत हिरड्याची पोती रचलेली. हेमराजच्या घरचे सगळे मागच्या बाजूला जाळीचा आडोसा करून तिथे जात होते. भिंतीच्या दांडीवर ओले टॉवेल, चड्ड्या आणि टांगलेल्या पिशव्या. "मी म्हटलं नाई काही," सिस्टर म्हणाल्या. "धंद्याचा माल हाये बिचाऱ्याचा." हा बिचारा शब्द ऐकून मी त्यांच्यावर चिडले. त्या ऐकून घेऊन भाजी निवडत राहिल्या.

तोपर्यंत त्यांचे गुडघे बोलू लागले होते. चढताना मध्ये थांबावं लागे. आयुष्यभर जंगलातून पायी हिंडल्याची ही मजुरी, असं त्या म्हणत. आता खाली यायची वेळ झाली, हे त्यांनी हेमराजला सांगितलं. तेवढं मात्र सांगितलं. हेमराज लगेच हो म्हणाला. धान निघालं की खाली करतो म्हणाला. धान निघालं. मग मुलांच्या परीक्षा झाल्या की. परीक्षा झाल्या. आणि एका उन्हाळ्यात म्हातारीसकट सगळं कुटुंब बिऱ्हाड घेऊन गेलं. सिस्टर एवढ्या खूश झाल्या की मला बोलावून चहा पाजला. पण किल्ली द्यायला कोणी आलं नाही.

पुढच्या आठवड्यात फाटकाला एक ट्रकचा टायर टांगलेला दिसला. खाली नवीन माणसं आली होती. हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलेला संतराम आणि त्याची कोवळी बायको दुलारी, राजनांदगावकडची. सिस्टर जिन्यात उभ्या राहून विचारत्या झाल्या, "कोन तुम्ही?"

दुलारी पदर सावरून म्हणाली, "हमन किरायादार हन, दाई. अउ तुमन कोन हव?"

स्वतःच्या घरात सिस्टरांना कोणीतरी विचारत होतं की तुम्ही कोण. ही गोष्ट त्यांनी मला हसत हसत सांगितली.

संतरामशी मी भांडले. तो गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "मैडम, हेमराज सेठ को पगड़ी दिया है. हर महीने किराया भी देते हैं. हमको निकालोगे तो वो सब डूब जाएगा." म्हणजे हेमराज इकडे भाडं देत नव्हता आणि तिकडून घेत होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टरांना मी अक्षरशः ओढून गोंदियाला वकिलाकडे नेलं. वकिलानं विचारलं, "कागज दिखाइए." सिस्टरांनी त्यालाही नाळेचं सांगितलं. त्यानं पेनाला टोपण लावलं. केस टाकता येईल, पण भाडं घेतल्याचा पुरावा नाही, तारखा पडतील, वर्षं जातील, असं तो म्हणाला. परतीच्या एसटीत सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. आमगाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "कोर्ट तारीख देते मास्तरीन. माहे गुडघे नाई देत."

ठाण्यातही जाऊन आलो. तोच सातव्या महिन्यातला हवालदार. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाला, "सिस्टर, तुमच्यासाठी जीव देईन जी. पन हे दिवानी मॅटर हाये." जीव द्यायला सगळे तयार होते. खालचा मजला तेवढा कोणी देत नव्हतं.

मग आम्ही हेमराजलाच गाठायचं ठरवलं. त्यानं आमगावला घर बांधलं होतं, हे बाजारातून कळलं. गेलो तर नेमकी घरभरणी. मांडव, स्पीकर, बुंदीच्या परातींवर माश्या. मी वाटेत सिस्टरांकडून पाठ करून घेतलं होतं, चार माणसांसमोर बोलायचं, मागे हटायचं नाही. हेमराजनं आम्हाला बघितलं आणि एक क्षण त्याचा चेहरा उतरला. पण एकच क्षण. लगेच धावत आला, सिस्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांना हाताला धरून मांडवाच्या मधोमध नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे माही दुसरी माय. हे नसती तं मी नसतो." म्हातारी खाटेवरून रडायला लागली. बायकोनं सिस्टरांच्या हातात नवीन लुगडं ठेवलं. लोक बघत होते. मी सिस्टरांना कोपरानं ढोसलं.

सिस्टर बोलल्या. म्हणाल्या, "हेमराज, मायले मीठ देऊन राह्यला का रे? पाय सुजले हायेत तिचे."

जेवून परत आलो. निघताना हेमराज माझ्या कानाशी म्हणाला, "दिवाळी झाली की खाली करून देतो मॅडम, सिस्टरले सांगजा." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. एसटीत मी सिस्टरांना खूप बोलले. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या बाईला बोलू नये तसं बोलले. त्यांनी मांडीवरचं लुगडं हातानं सारखं करत एवढंच म्हटलं, "तो रडाच्या आधी मीच रडली होती, मास्तरीन. तुले नाई समजाचं." खरंच मला समजलं नाही. आजही फारसं समजत नाही.

पुढे त्यांचं उतरणं जवळजवळ बंदच झालं. पौर्णिमेला विहारात वंदनेला जायच्या तेही सुटलं. त्यांनी गच्चीच्या कठड्याला दोरी बांधून टोपली केली. भाजीवाला त्यात भाजी टाकी, मी पेपर टाकी. हळूहळू ती टोपली दुलारीच भरू लागली. दूध, किराणा, कधी तांदळाच्या पिठाचा गरम फरा. पाणी तर ती कळशीनं वर नेऊन ठेवी. ज्या बाईनं निघून जायला हवं होतं, तिच्यावाचून सिस्टरांचा दिवस सरत नव्हता, आणि हे त्या दोघींनाही माहीत होतं. दुलारीला दिवस गेले तेव्हा टोपलीतून वरून खाली लोहाच्या गोळ्या आणि सूचना उतरू लागल्या.

तिचे दिवस भरले ते भर दुपारी. संतराम दुकानावर, हॉस्पिटलची गाडी दुसरीकडे कुठे केस आणायला गेलेली. दुलारीच्या ओरडण्यानं मी धावले, आणि जिन्याकडे बघितलं तर सिस्टर उतरत होत्या. बसून. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर घसरत, दात आवळून, काखेत डेटॉलची बाटली. मी हात द्यायला गेले तर खेकसल्या, "मले नको धरू. पानी उकळाले ठेव."

त्या खोलीत त्या खालच्या मजल्याच्या मालकीण नव्हत्या आणि म्हाताऱ्याही नव्हत्या. आवाज तोच, सरपंचाला पाणी भरायला लावणारा. गाडी येईपर्यंत पोर बाहेर आलं होतं, मुलगी, आणि खणखणीत रडत होती. "ही सरळ आली," सिस्टर म्हणाल्या. "काही तरास नाई देल्ला पोरीनं."

माझ्या मनात लगेच आलं, आणि मी ते बोललेही. संतराम बायकोला आणि बाळाला घेऊन हॉस्पिटलात निघाला होता, घर उघडं होतं, सिस्टर खाली होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, आता वर जाऊ नका. इथेच बसा. कोण काढतं बघू." त्या हात धुत होत्या. नेहमीप्रमाणे तीनतीनदा. म्हणाल्या, "बाळंतीन घरी येईन तं झोपन कुठी?"

आणि मग त्यांनी एक नियमच जाहीर केला. लेकरू पायावर उभं राहेपर्यंत त्या घरातून कोणालाही हलवायचं नाही. चिचगडला त्या हा नियम सासवांना सांगत, बाळंतिणीला भांडून घराबाहेर काढणाऱ्या सासवांना. आता स्वतःला सांगत होत्या. वर चढायला त्यांना संध्याकाळ झाली.

ते वर्ष त्यांना फार जड गेलं. पोरगी, तिचं नाव दुलारीनं सिस्टरांनाच विचारून सुजाता ठेवलं, खाली रांगू लागली, आणि वर सिस्टर खोलीतल्या खोलीत भिंत धरून चालू लागल्या. मी मनातल्या मनात दोघींची शर्यत लावली होती. पोरगी आधी उभी राहिली तर सिस्टर नियमातून सुटतील, आणि मग मी त्या संतरामला आणि हेमराजला बघून घेईन. आधी पडल्या त्या सिस्टर. मोडलं काही नाही, पण गच्चीच्या दारातल्या उंबरठ्याला पाय अडकून पडल्या आणि दुलारी पाणी घेऊन येईपर्यंत तशाच पडून होत्या. वरच्या मजल्याला मिस्त्रीनं उंबरठे ठेवले होते, ते सिस्टरांनी ठेवू दिले होते. वर कुठे मी म्हातारी होणार, म्हणाल्या होत्या.

सुनंदा नागपूरहून जीप घेऊन आली. तिनं आईला काही विचारलं नाही. दोन बॅगा भरल्या, वरच्या खोलीला कुलूप लावलं. सिस्टरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून संतराम आणि ड्रायव्हर जिन्यावरून खाली आणू लागले. दुलारी खाली उभी राहून रडत होती. मी पण रडत होते, आणि राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

खुर्ची खालच्या मजल्याच्या दारासमोर आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "थांब."

दार उघडं होतं. आत सुजाता भिंतीजवळ उभी होती. दांडी तिच्या हाताला बरोबर येत होती. दोन्ही मुठींनी ती धरून, ओठातून लाळ गाळत, एक पाय टाकत होती, थांबत होती, दुसरा टाकत होती. दांडी तिच्या वजनानं करकरत होती.

सिस्टरांनी मान पुढे काढून दांडीचे बोल्ट बघितले. मग म्हणाल्या, "हालून राह्यली ते. लेकरू पडन. संतराम, तुह्या पेटीत पाना असन ना?"

सुनंदा म्हणाली, "आई, उशीर होतो आहे."

"होऊ दे."

संतरामनं पेटी आणली. पोरीला मी उचलून घेतलं. त्यानं दोन्ही टोकांचे बोल्ट आवळले, मधले आवळले. सिस्टर खुर्चीतून सांगत होत्या, अजून थोडं, अजून. मग त्यांनी मला हात मागितला. उंबरठा नसलेल्या त्या दारातून त्या आत गेल्या, वाकून दांडीला दोन्ही हात लावले, आणि आपलं सगळं वजन तिच्यावर टाकून बघितलं. दांडी हलली नाही. तशाच धरून त्या तीन-चार पावलं चालल्या, बाथरूमच्या दिशेनं. माप अगदी बरोबर होतं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता धरते."

मग त्यांनी हात सोडले आणि जीपपर्यंत न्यायला खुर्ची आत आणायला सांगितली.